एकत्र जायचं, पण एकत्र फिरायचं नाही

सहा माणसांचं एक कुटुंब, झाडाझुडपांचं मोठं सार्वजनिक उद्यान आणि सुट्टीची सकाळ. उद्यानात काही कमी नव्हतं, घरात धुसफूस नव्हती, पाऊस-वाराही नव्हता. तरी दुपारी परतताना गाडीत सगळे गप्प होते आणि उतरता उतरता आजोबा म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्ही जाऊन या. मी घरीच बरा."

हे सुनेला लागलं. बागा आणि पायवाटांच्या आखणीशी माझा कामानिमित्त संबंध येतो, म्हणून तिने मला विचारलं की आजोबांना झेपेल अशी दुसरी एखादी सपाट, छोटी बाग सुचवाल का. मी तिच्याकडून, तिच्या नवऱ्याकडून आणि मग आजोबांकडून, तिघांकडून वेगवेगळी त्या सकाळची हकिगत ऐकली. नंतर त्या उद्यानातल्या सगळ्या वाटा चालून पाहिल्या. बाग बदलायचं काही कारण मला दिसलं नाही. जे बिघडलं ते पाटीसमोर उभं राहून घेतलेल्या एका निर्णयाने बिघडलं: "आज सगळे मिळूनच फिरू."

आधी माणसं. आजोबा ७४ वर्षांचे, दोन्ही गुडघे झिजलेले, पण सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास सहज चालतात. आजी ६९ वर्षांच्या, पोराला मागे टाकतील अशा चालणाऱ्या, पक्षी बघायची आवड, गळ्यात जुनी दुर्बीण. मुलगा आणि सून चाळिशीच्या आसपास. नात १० वर्षांची, नातू अडीच वर्षांचा, सोबत त्याची बाबागाडी.

आणि उद्यान. प्रवेशाजवळ गाड्या लावायची जागा व नकाशाची मोठी पाटी. पुढे हिरवळ, तिच्या कडेला खेळाची दोन आवारं: एक लहानग्यांसाठी, एक मोठ्या मुलांसाठी. तळ्याभोवती १.२ किलोमीटरची पक्की सपाट वाट. तळ्याच्या मागून टेकडीत शिरणारी मातीची रानवाट, ३.४ किलोमीटरचा गोल फेरा, चढ साधारण १२० मीटरचा. शिवाय सायकलींची वेगळी वाट, चेंडू खेळायचं मैदान आणि दोन स्वच्छतागृहं, दोन्ही खालच्या बाजूला. चांगलं उद्यान आहे. निगा राखलेलं आहे.

त्या सकाळी

निघता निघता उशीर झाला आणि साडेदहाला सगळे पाटीपाशी पोचले. पाटीवर रानवाटेपुढे "१ तास" असं लिहिलेलं. मुलाने हिशोब केला: बारापर्यंत खाली, मग खाणं, मग मुलं खेळतील. बऱ्याच दिवसांनी सगळे एकत्र बाहेर पडले होते, त्यामुळे कोणी वेगळं काही सुचवलं नाही. आजोबांना तळ्याकाठची वाट बरी वाटत होती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तिथे ते बोलले नाहीत.

पहिल्या वीस मिनिटांतच बाबागाडीची पुढची चाकं मुळांत अडकायला लागली. बापाने पोराला खांद्यावर घेतलं, आईने रिकामी गाडी ढकलली. पोराला मात्र उतरायचं होतं, कारण खाली मुंग्यांची रांग होती. आजी पुढे जायच्या, थांबायच्या, पुन्हा पुढे. नात दर पन्नास पावलांवर मागे वळून "चला ना" म्हणायची. आजोबा चढ नीट चढत होते, पण दर वेळी ते पोचले की बाकीचे निघायचे. म्हणजे विश्रांती सगळ्यांना मिळाली, ज्याला हवी होती त्याला सोडून. गटाने चालताना हे हमखास होतं आणि पुढे चालणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

टेकडीच्या निम्म्यावर वाटेला फाटा फुटतो. तिथे नात दिसेना. बाप डावीकडच्या वाटेने हाका मारत गेला, आई नातवाला घेऊन फाट्यावर उभी राहिली, आजी उजवीकडे थोडं जाऊन परतल्या. नात उजवीकडच्याच एका आडवाटेला लागली होती. पुढे घळ आली तशी ती आपणहून मागे फिरली आणि फाट्यावर आली. आता हरवला होता बाप. फोनला रेंज नव्हती. पाव तासाने तोही आला, घामाघूम, आणि आल्या आल्या पोरीवर ओरडला.

उतारावर लाकडी ओंडके लावून पायऱ्या केल्या आहेत. तिथे आजोबांचे गुडघे बोलायला लागले. सगळे खाली पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. खेळाच्या आवारात ऊन रणरणत होतं, नातू पेंगुळला होता, पण कबूल केलं होतं म्हणून त्याला घसरगुंडीवर नेलं. बापाने त्याला मांडीत घेतलं आणि दोघे घसरले. मध्येच पोराचा बूट कडेला अडकला आणि पायातून निघाला. पोरगं रडलं ते बुटासाठी. थोडक्यात निभावलं हे तिथे कोणालाच कळलं नाही.

पाटीवरचा एक तास

तो "१ तास" आला कुठून? डोंगर चालणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा चालतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. आजच्या मापात सांगायचं तर दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. या वाटेला तो लावला तर ३.४ किलोमीटरची ४१ मिनिटं, चढाची १२, एकूण ५३. पाटी लावणाऱ्याने पूर्णांक करून तास लिहिला असणार. हिशोबात चूक नाही, पण तो धडधाकट, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. अशी माणसं या घरात तीनच: आजी, मुलगा आणि सून. त्यातही सुनेच्या हातात बाबागाडी.

अडीच वर्षांचं मूल हळू चालतं असं आपण म्हणतो. खरं म्हणजे ते भराभर चालतं आणि वाटेल तिथे थांबतं. त्याला कुठे पोचायचं नसतं, तेव्हा त्याच्या वेगाचा अंदाज अंतरावरून बांधताच येत नाही. त्याच्या वाटेची लांबी मीटरमध्ये मोजू नये, तासाभरात जिथवर जाईल ती त्याची वाट.

दुसरा मुद्दा चढाचा. १२० मीटरचा चढ १,७०० मीटरमध्ये, म्हणजे सरासरी ७ टक्के. ऐकायला काहीच नाही. पण सरासरी फसवी असते: अर्धी वाट जवळजवळ सपाट असेल तर उरलेल्या अर्ध्यात सगळा चढ कोंबलेला असतो. इथे तसंच आहे. अमेरिकेत सर्वांना वापरता याव्यात अशा पायवाटांचे जे सरकारी निकष आहेत, त्यात १:२० पर्यंतचा, म्हणजे वीस मीटर चालल्यावर एक मीटर वर नेणारा, उतार कितीही लांब चालतो. त्याहून तीव्र, १:१२ पर्यंतचा उतार सलग ६१ मीटरच. १:१० पर्यंतचा ९ मीटरच. १:८ पर्यंतचा फक्त ३ मीटर. प्रत्येक तुकड्यानंतर टेकायला सपाट जागा. ज्याने कधी भरलेली बाबागाडी चढावर ढकलली आहे त्याला हे आकडे खांद्यांतून कळतात. इथल्या ओंडक्यांच्या पायऱ्यांना तर तो निकष लागूच होत नाही.

आणि गुडघे. चढताना दम लागतो म्हणून चढ अवघड असं आपण धरून चालतो. कृत्रिम सांध्यात मोजणीयंत्र बसवून केलेल्या अभ्यासांत सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून थोडा जास्त भार येतो असं दिसलं. पायऱ्या चढताना तिपटीहून थोडा जास्त, उतरताना सुमारे साडेतीन पट. झिजलेल्या गुडघ्याला उतारच छळतो. आजोबा वर छान गेले म्हणून सगळे निर्धास्त झाले, आणि खरी परीक्षा तर पुढे होती.

यात गोल फेऱ्याचा जाच वेगळाच. आल्या वाटेने परतायचं असेल तर कुठूनही मागे फिरता येतं, जेवढं चाललात तेवढंच परत. गोल फेऱ्यात निम्मं अंतर कापलं की मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच, त्यानंतर तर पुढेच जावं लागतं. निम्म्यावर गुडघा दुखायला लागला तर सुटका नाही. लोकांना जाऊन-येऊन वाट कंटाळवाणी वाटते, "तेच तेच काय बघायचं" म्हणतात. मला हे कधी पटलेलं नाही. उलट तोंडाने चाललं की उजेड बदलतो, उतार बदलतो, जाताना पाठीमागे राहिलेलं समोर येतं. लहान मूल किंवा दुखरा गुडघा सोबत असेल तर पहिल्या खेपेला गोल फेरा घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फाट्यावर

नात पुढे का पळाली? घरात याचं उत्तर "ऐकत नाही" असं ठरलं होतं. मला ते अन्यायाचं वाटलं. दहा वर्षांच्या मुलीला पाऊण तास अडीच वर्षांच्या भावाच्या तालावर चालवलं तर ती पळणारच. तिला चढायचं होतं, उडी मारायची होती, थोडं भ्यायचं होतं. सोरेनसन या डॅनिश उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून १९४३ मध्ये कोपनहेगनच्या एमड्रुप भागात असं खेळाचं मैदान सुरू झालं, जिथे मुलांना फळ्या, विटा, हत्यारं देऊन हवं ते बांधू दिलं जाई. युद्धानंतर लेडी अॅलन ऑफ हर्टवूड यांनी ते पाहिलं आणि तसली मैदानं ब्रिटनमध्ये उभी राहावीत म्हणून जोर लावला. मोठ्या मुलांना गुळगुळीत, सुरक्षित, सगळ्यांसाठी एकच अशा खेळण्यांचा कंटाळा येतो, हे तेव्हापासून माहीत असलेलं आहे. या उद्यानात नातीला रानवाटच तशी जागा होती. ती तिला वेगाने हवी होती.

मात्र नियम सांगितलेला नव्हता. "लांब जाऊ नको" हा नियम नव्हे, कारण लांब म्हणजे किती हे प्रत्येकाचं वेगळं. मुलांना पाळता येतो तो खुणेवर बांधलेला नियम: फाटा आला की थांबायचं, पाटीला हात लावून उभं राहायचं, मागचं माणूस दिसलं की मग पुढे. तिथवर खुशाल पळ. आणि हरवलंच तर हलायचं नाही. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळच्या डोंगरात नऊ वर्षांचा एक मुलगा हरवून दगावला. त्याच्या शोधात सहभागी झालेल्या लोकांनी नंतर मुलांना शिकवायला सुरुवात केली की हरवलात तर जवळचं झाड धरा आणि तिथेच थांबा, झाडाला मिठी मारा. मूल फिरत राहिलं की शोधायचं क्षेत्र वाढत जातं. आमच्या प्रकरणात बाप फिरत राहिला, पण न्याय तोच. मोठ्यांनीही ठरवायला हवं होतं की फाट्यावर कोण थांबणार आणि शोधणारा किती मिनिटांनी परत येणार.

यात आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. चार मोठी माणसं बरोबर होती. मी प्रत्येकाला विचारलं, "नात दिसेनाशी झाली तेव्हा तिच्याकडे लक्ष कोणाचं होतं?" सुनेला वाटलं सासूबाईंचं, आजींना वाटलं मुलाचं, मुलाच्या मते ती "सगळ्यांच्या नजरेसमोर" होती. माणसं जितकी जास्त तितकं लक्ष जास्त, असं होत नाही. प्रत्येकाच्या वाट्याचं लक्ष कमी होतं. तळ्याच्या काठावर हे फार महागात पडू शकतं. लहान मूल अगदी उथळ पाण्यातही बुडतं, आणि बहुतेक वेळा आवाज न करता. त्यासाठी पाळी लागते, आणि ती तोंडाने बोलून द्यावी लागते: "आता तुझ्याकडे." "हो, माझ्याकडे." दोन्ही वाक्यं मोठ्याने.

घसरगुंडी

बुटाच्या प्रसंगाकडे घरात कोणी लक्ष दिलं नव्हतं, मी मुद्दाम दिलं. लहान मूल एकटं घसरत असताना पाय अडकला तर त्याचं वजन कमी असतं, ते थांबतं किंवा वळतं आणि पाय सुटतो. मोठ्याच्या मांडीत असलं तर पाय तिथेच राहतो आणि मोठ्याचं सगळं वजन त्याला खाली ढकलत नेतं. गुडघ्याखालचं हाड पिळवटून मोडतं. लहान मुलांच्या डॉक्टरांना ही मोडतोड ओळखीची आहे, आणि ती होते बहुधा पोराला सांभाळायला म्हणून मांडीत घेणाऱ्याच्याच हातून. घसरगुंडी पोराला एकट्याने झेपत नसेल तर ती त्याच्या वयाची नाही, एवढंच त्यातून घ्यायचं. कंबरेएवढ्या उंचीची छोटी घसरगुंडी शेजारच्या आवारात होती.

आवारं दोन का असतात हेही इथे सांगण्यासारखं आहे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत २ ते ५ आणि ५ ते १२ अशा वयोगटांची खेळणी वेगळी धरली आहेत, त्याहून लहानांची आणखी वेगळी. दांड्यांमधल्या फटींनाही हिशोब आहे: साडेतीन ते नऊ इंचांच्या मधली फट टाळायची, कारण तीतून पोराचं अंग निघतं आणि डोकं अडकतं. खेळण्यांखाली लाकडाचे बारीक तुकडे किंवा सालपटं टाकली असतील तर थर १२ इंचांचा भरायचा, कारण वापराने दबून तो ९ इंचांवर येतो. हिरवळ मऊ दिसते, पण पडणं झेलायला ती पुरत नाही. पालकांनी टेप घेऊन फिरावं असं मी म्हणत नाही. झोक्याखाली मात्र बुटाच्या टाचेने एकदा उकरून बघावं. तिथेच मुलं पाय घासतात आणि सगळी सालपटं बाजूला होऊन कडक माती उघडी पडते. या उद्यानात अगदी तसंच दिसलं, झोक्याखाली परातीएवढा खड्डा.

दुपारच्या उन्हात प्लास्टिकची घसरगुंडी आणि रबरी फरशी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतात. तळहात टेकवून बघायचा. आपल्याला टेकवत नसेल तर पोराच्या मांड्यांना ते भाजणारच.

ठिय्या

माझा सल्ला एका वाक्याचा होता: आधी जागा पकडा, मग माणसं पांगवा.

मोठी सार्वजनिक उद्यानं मुळात पांगण्यासाठीच आखलेली असतात. इंग्लंडमधलं बर्कनहेड पार्क १८४७ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. जोसेफ पॅक्स्टन यांच्या त्या आराखड्यात घोडागाड्यांचा रस्ता आणि पायी फिरणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या होत्या. १८५० मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी ते पाहिलं आणि पुढे १८५८ मध्ये कॅल्व्हर्ट वॉक्स यांच्याबरोबर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला. त्यात पायी चालणारे, घोडेस्वार, गाड्या आणि उद्यान ओलांडून जाणारी शहराची रहदारी, चौघांच्या वाटा वेगळ्या, एकमेकांवरून-खालून जाणाऱ्या. शहराचे आडवे रस्ते तर जमिनीच्या पातळीखाली उतरवले. ज्याला जसं फिरायचं तसं फिरता यावं आणि तरी सगळे एकाच बागेत असावेत, ही त्यामागची अक्कल. आपलं कुटुंब अशा बागेत शिरतं आणि सहा वेगवेगळ्या माणसांना एकाच वाटेवर एका रांगेत घालतं.

जागा निवडायला आम्हाला वेळ लागला. आजोबांसाठी मुलाने तळ्याकाठचं, देखाव्याचं बाक सुचवलं होतं. विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. माणसांना सगळ्यात जास्त माणसंच ओढतात, असं त्यांना आढळलं. आजोबांना मी विचारलं, तर म्हणाले, "तळं काय, पाच मिनिटं बघितलं की संपलं. पोरं खेळतात तिथे बसवा मला." मग हिरवळीच्या कोपऱ्यातलं एक टेबल ठरलं: मोठ्या झाडाची सावली, समोर लहानग्यांचं आवार, पाठीमागून पक्की वाट सुरू होते, स्वच्छतागृह हाकेच्या अंतरावर. बाकाला हात आहेत, हे मी मुद्दाम पाहिलं. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस पायांनी उठत नाही, हातांनी उठतो. बिनहाताच्या खोल बाकात एकदा बसला की उठवायला दुसरं माणूस लागतं, आणि त्या लाजेपायी तो पाणी प्यायचंही टाळतो.

मग प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं की तिथे तुला काय करायचंय. सगळ्यांसमोर विचारलं असतं तर पहिल्या वेळेसारखंच झालं असतं. नात म्हणाली, टेकडीच्या वर. आजी म्हणाल्या, पक्षी, आणि घाई नको. मुलगा म्हणाला, काहीही चालेल. यावर मी विश्वास ठेवला नाही, पण त्याने दुसरं काही सांगितलं नाही. सून जरा थांबली आणि म्हणाली, "अर्धा तास मला कोणी काही विचारू नये." पहिल्या सहलीच्या सगळ्या हकिगतीत तिने हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

दुसरी खेप

या वेळी साडेसातला पोचले. टेबल रिकामं होतं, त्यावर पिशव्या ठेवून ठिय्या मांडला. निघण्याआधी नातीचा आणि नातवाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो फोनवर काढला, म्हणजे वेळ आलीच तर "निळा शर्ट बहुतेक" असं सांगावं लागू नये. नातीच्या गळ्यात शिट्टी. तीन वेळा वाजवली की "मी इथे आहे, तुम्ही या", हा घरचा संकेत.

नात आणि आजी रानवाटेला लागल्या. त्यांना ठिकाण दिलं नव्हतं, वेळ दिली होती: चाळीस मिनिटं झाली की जिथे असाल तिथून माघारी. टोकाच्या कट्ट्याला पाचेक मिनिटं उरली असताना आजींच्या घड्याळात चाळीस मिनिटं भरली. नातीने रुसून बसून पाहिलं. आजी म्हणाल्या, "कट्टा कुठे पळून जात नाही. तुझी आई खाली घड्याळ बघत असेल." वळल्या. येताना, जाताना न दिसलेलं एक ढोलीतलं घरटं दिसलं, त्यामुळे रुसवा निभावला.

मुलगा नातवाबरोबर लहानग्यांच्या आवारात. या वेळी तो घसरगुंडीच्या खाली उभा राहिला आणि पोराला एकट्याने सोडलं. सून तळ्याभोवती एकटी दोन फेऱ्या मारून आली, फोन पिशवीत ठेवून. काय केलंस म्हणून विचारलं तर "काही नाही" म्हणाली, आणि खुशीत होती.

आजोबांचं मला सगळ्यात कुतूहल होतं. अर्धा तास ते बसले, पोरांचे खेळ बघितले, शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी बोलले. मग कंटाळले. हे मी धरलं नव्हतं. ठिय्या म्हणजे आजोबांना पिशव्या राखायला बसवणं असं व्हायला नको होतं, आणि ते होऊ घातलं होतं. मुलाच्या ते ध्यानात आलं. त्याने नातवाला बाबागाडीत घातलं, गाडीचा दांडा आजोबांच्या हातात दिला आणि तिघे पक्क्या वाटेला लागले. बाबागाडी ढकलताना काठी लागत नाही, दांड्याचा आधार मिळतो. गाडीला ब्रेक असावेत आणि वाट सपाट असावी, या दोन अटींवर मी ही युक्ती कोणालाही सांगेन. ब्रिटनच्या वाहतूक खात्याच्या मार्गदर्शनात वर्दळीच्या पायवाटांवर बाकं ५० मीटरांहून दूर नसावीत असं म्हटलं आहे. इथली वाट त्यात बसत नाही, तळ्याच्या पलीकडच्या अंगाला बरंच अंतर बाकच नाही. आजोबा तिथवर गेले, पुढचं बाक कुठे आहे ते डोळ्यांनी शोधलं, दिसेना तसे स्वतःच म्हणाले, "वळू या." पहिल्या खेपेला त्यांना हे म्हणायची सोय नव्हती.

साडेनऊला सगळे टेबलावर जमले. खाणं झालं, आणि त्या अर्ध्या तासात पहिल्या सगळ्या सकाळीपेक्षा जास्त बोलणं झालं, कारण प्रत्येकाकडे इतरांनी न पाहिलेलं काहीतरी होतं. निघताना नातवाने झोका सोडायला साफ नकार दिला आणि त्याला उचलून न्यावं लागलं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. साडेदहाला, म्हणजे मागच्या वेळी पोचले होते त्या वेळेला, ते गाडीत होते.

पाटीबद्दल

कुटुंबाला सगळं शिकवलं आणि उद्यानाला मोकळं सोडलं असं व्हायला नको. पाटीवर "१ तास" या जागी चार गोष्टी हव्या होत्या: जमीन कसली आहे, सगळ्यात अवघड चढ किती आणि कुठे, पायऱ्या आहेत का, शेवटचं स्वच्छतागृह कुठे. वर सांगितलेल्या अमेरिकी निकषांत तशा नव्या वाटांच्या सुरुवातीच्या फलकावर लांबी, पृष्ठभाग, नेहमीची आणि कमीत कमी रुंदी, नेहमीचा आणि जास्तीत जास्त उतार लिहायला सांगितलं आहे, आडवा उतारसुद्धा. एवढं कळलं की बाबागाडीवाला आपलं आपण ठरवतो. फाट्यांवर क्रमांकाचे खांब लावले तर हरवलेल्याला "तीन नंबरपाशी आहे" एवढं सांगता येतं. त्याला फार खर्च नाही. हे सगळं मी उद्यानाच्या व्यवस्थापनाला लिहून दिलं आहे. झोक्याखालची सालपटं त्यांनी भरून घेतली, पाटी अजून तीच आहे.

आजोबा आता जातात. नात पुढच्या वेळी सायकल न्यायची म्हणते आहे. हेल्मेट घालूनच चालवायची आणि जंगलजिमवर चढायच्या आधी ते काढून ठेवायचं, कारण ज्या फटीतून अंग जातं तिथे हेल्मेट अडकतं, एवढं तिने कबूल केलं आहे. पण सायकलची वाट ठिय्यावरून दिसत नाही आणि आजी सायकल चालवत नाहीत. म्हणजे मुलाला तिच्याबरोबर जावं लागणार, आणि मग त्या वेळात नातू कोणाकडे, हा प्रश्न सुनेच्या अर्ध्या तासाशी जाऊन भिडतो. त्यावर घरात बोलणं चालू आहे.